वाटाण्याचा अंकुर आणि एक मिनिट

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातील एखाद्या शाळेत मुले स्वतःचा छोटा चित्रपट करू म्हणतात, तेव्हा नट कोठून आणायचे, कथा कोणती घ्यायची आणि खर्च कसा भागवायचा, हे प्रश्न प्रथम पुढे येतात. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी आपण दादासाहेब फाळके यांच्या एका लहानशा चित्रपटाकडे वळू. त्यात नट नव्हते. एक कुंडी होती आणि तीत पेरलेले वाटाणे होते.

फाळके १९१२ साली इंग्लंडला जाऊन आले आणि त्यांनी तेथून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा मिळवला. छपाईचा धंदा सुटला होता. विम्याची पॉलिसी गहाण पडली होती. चित्रपटासाठी भांडवल हवे होते आणि भांडवलदाराला पुरावा हवा होता. तेव्हा फाळक्यांनी कुंडीसमोर कॅमेरा मांडला आणि बी रुजण्यापासून वेल चढेपर्यंतची वाढ महिनाभर टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो चित्रपट. तो पाहून कर्ज देणारे मिळाले, पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिनेही कामी आले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

या युक्तीचे तत्त्व सोपे आहे. त्या काळी चित्रपट सेकंदाला सुमारे १६ चित्रे या वेगाने दाखवत. तीच चित्रे बऱ्याच अंतराने घेतली आणि नेहमीच्या वेगाने दाखवली, तर दिवसांचा काळ सेकंदांत मावतो. जर्मनीत लाइपझिग येथे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८९८ ते १९०० या काळात याच रीतीने वनस्पतींच्या हालचाली टिपल्या होत्या. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी १९१० साली उमलणाऱ्या फुलांचा चित्रपट केला. म्हणजे प्रयोगशाळेतील हे साधन फाळक्यांनी स्वतःची पात्रता सिद्ध करण्यासाठी वापरले.

आता थोडे गणित करू. फाळक्यांनी रोज एक चित्र घेतले आणि चित्रपट मिनिटाहून थोडा मोठा झाला, असे सांगितले जाते. पण एका मिनिटाला ६० × १६ = ९६० चित्रे लागतात. रोज एक याप्रमाणे महिन्यात होतात ३०, आणि ती दोन सेकंदांतच संपतात! मिनिटभराचा चित्रपट हवा, तर रोज ३२ चित्रे, म्हणजे रात्रंदिवस दर ४५ मिनिटांनी एक चित्र घ्यावे लागेल. तेव्हा तीन शक्यता उरतात: चित्रे रोज अनेक घेतली असावीत, किंवा चित्रपट बराच लहान असावा, किंवा एकेक चित्र अनेक वेळा छापून लांबी वाढवली असावी. मुलांनी तिन्ही रीतींनी चित्रपट करून पाहावा. तिसऱ्या रीतीत वेल सरसर वाढताना दिसणार नाही, धक्के खात उडी मारेल. इतिहासातील विधानही असे प्रयोगाने तपासता येते.

प्रयोगासाठी वाटाणाच हवा असे नाही. आपल्याकडे धान उभे असतानाच बांधीत लाखोळी फेकून पेरतात. ती वाटाण्याची जवळची नातेवाईक. तिच्याही पानांच्या टोकांना तणावे असतात आणि ते आधार शोधतात. कुंडी खिडकीपासून ठरावीक अंतरावर ठेवावी व पुन्हा हलवू नये. मागे सेंटिमीटरच्या रेघा आखलेला पांढरा कागद लावावा. मोबाइल विटांच्या आधाराने रोज त्याच खुणेवर बसवावा. सकाळी साडेदहापासून दर १५ मिनिटांनी एक असे पावणेपाचपर्यंत २६ फोटो होतात. दहा दिवसांत २६० झाले, म्हणजे सेकंदाला १६ या वेगाने सोळा सेकंदांचा चित्रपट तयार. खर्च जवळजवळ नाही. मात्र रोज सकाळी वेल एकदम उंच झालेली दिसेल, कारण रात्री शाळा बंद असली तरी रोप वाढतच असते. ही उडी मागच्या रेघांवर मोजावी. दिवसा ती जास्त वाढली की रात्री?

दहा दिवस थांबण्याइतका धीर नसेल, तर त्यालाही फाळक्यांचेच उदाहरण आहे. १९१५ च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. त्यात काड्या आपोआप हलताना दिसत. काडी किंचित सरकवायची, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनीही १९०८ साली काड्यांना असेच हलवले होते. आपल्या मुलांनी बांबूच्या कामट्या, सागाची फळे किंवा तेंदूची पाने घ्यावीत. येथे रोपाच्या गतीऐवजी आपल्या हाताची गती चित्रात उतरते. काडी प्रत्येक वेळी सारखीच सरकवली तर चाल संथ व एकसारखी दिसते. हळूहळू जास्त सरकवली तर ती वेग घेते. भौतिकशास्त्रातला त्वरणाचा धडा शिकवताना हा चित्रपट उपयोगी पडेल.

दोन्ही प्रयोगांत एक नोंदवही मात्र हवीच. फोटोची वेळ, रोपाची उंची, त्या दिवशीचे ऊन-ढग, काडी किती मिलिमीटर सरकवली, हे सारे तीत लिहावे. फाळक्यांच्या कुंडीची अशी वही आपल्या हाती असती, तर वरचे गणित करावेच लागले नसते.