आधी वेदी, मग मंदिर

बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमला परतलेल्या यहुद्यांची कथा जरुब्बाबेलभोवती रचली जाते. तो दाविदाच्या राजघराण्यातला, शिवाय पर्शियन सत्तेचा सुभेदार. सोबतचा महायाजक यहोशवा या कथेत मागेच राहतो. पण पुढची घडी बसवली ती त्याच्याच घराण्याने. त्याचा आजोबा सराया याला बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने ठार मारवले, बाप यहोसादाक बाबेलला नेला गेला. एज्राच्या ग्रंथानुसार परतलेल्यांनी मंदिराचा पाया घालण्याआधीच वेदी उभारली आणि सकाळ-संध्याकाळची होमार्पणे सुरू केली. भिंतींवाचून उपासना चालली. याजकावाचून ती चालली नसती.

हाग्गय संदेष्टा तर जरुब्बाबेललाच देवाची मुद्रा म्हणतो, असा आक्षेप येईल. तो रास्तच आहे. पण जखऱ्या संदेष्ट्याच्या दृष्टांतात देवदूतापुढे मळकी वस्त्रे घालून उभा आहे तो यहोशवा. आरोप करायला सैतान शेजारीच हजर! ती वस्त्रे उतरवून डोक्याला स्वच्छ फेटा बांधला जातो. पुढे मुकुटही त्याच्याच डोक्यावर ठेवायला सांगितले आहे. हा मुकुट मुळात जरुब्बाबेलसाठी असावा, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल तर नाव बदलण्याची गरज कुणाला तरी वाटली, हेच बोलके आहे. इ.स.पू. ५१५ च्या सुमारास मंदिर पुरे झाले, त्या वृत्तांतात दोघांचेही नाव नाही. मात्र जरुब्बाबेलच्या वंशजांकडे सत्ता टिकली नाही, तर यहोशवाचा नातू एल्याशीब पुढे सुभेदार नहेम्याच्या काळात महायाजक होता. सुभेदार पर्शियाचेच राहिले, हे खरे. तरीही इ.स.पू. ४०७ मध्ये इजिप्तमधल्या एलिफंटाईन बेटावरच्या यहुद्यांनी यहूदाच्या सुभेदाराला लिहिलेल्या अर्जात, यरुशलेमच्या महायाजकालाही आपण आधी पत्र धाडले होते, असे नोंदवले आहे.