पणजोबांचा कारखाना आणि पणजीचं दुकान

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

माझी भाची लग्न होऊन इंग्लंडला, डर्बीशायरमध्ये असते. जावई तिथलाच. मध्यंतरी तिचा फोन आला. "मामा, सासूबाईंना त्यांच्या पणजोबांची माहिती काढायचीय. त्यांचा म्हणे बुटांचा मोठा कारखाना होता. तुला जुन्या कागदांचा नाद आहे, बघतोस का जरा?" मी हो म्हणालो आणि पुढचे पंधरा दिवस रात्री जागवल्या.

तिकडे घराण्याचा शोध घ्यायचा तर पहिली पायरी ठरलेली. 1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची सरकारी नोंद आहे. 1841 पासून दर दहा वर्षांनी झालेल्या जनगणनेत माणसांची नावं सापडतात. आम्हाला 1891 च्या जनगणनेत पणजोबा सापडले, बूट शिवणारे म्हणून. 1901 मध्ये मात्र घरात फक्त पणजी आणि मुलं. पणजीच्या नावापुढे 'विधवा' आणि 'दुकानदार'. म्हणजे मधल्या दहा वर्षांत पणजोबा गेले. पण कधी? आणि कारखाना कुठंय?

इथे कामाला आल्या त्या डिरेक्टऱ्या. आपल्याला डिरेक्टरी म्हटलं की टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी आठवते. इंग्लंडमध्ये फोन यायच्या कितीतरी आधीपासून व्यापाऱ्यांच्या डिरेक्टऱ्या छापल्या जात. लंडनच्या व्यापाऱ्यांची छापील यादी 1677 सालची आहे. लोकांचे पैसे ठेवून घेणाऱ्या सोनारांची नावं तिच्यात वेगळी दिलीत. पुढचे बँकवाले ते हेच.

मँचेस्टरची पहिली डिरेक्टरी 1772 मध्ये निघाली आणि ती काढली एका बाईने. एलिझाबेथ राफाल्ड तिचं नाव. आधी एका मोठ्या घराण्याकडे घरकामाची मुख्य व्यवस्थापक, मग मँचेस्टरात मिठाई आणि खाद्यपदार्थांचं दुकान, 1769 मध्ये स्वतःचं पाककृतींचं पुस्तक. घरकामाला माणसं मिळवून देण्याचा उद्योगही ती करायची. गाव झपाट्याने वाढत होतं, कोण कुठे राहतो याचा कुणाला पत्ता नव्हता. तिने दीडएक हजार नावं गोळा केली आणि छापली. पक्की धंदेवाली बाई!

एकोणिसाव्या शतकात या धंद्याला ऊत आला. मँचेस्टरचा पिगॉट, शेफिल्डचा विल्यम व्हाइट आणि सगळ्यांवर कडी करणारा फ्रेडरिक केली. हा केली टपालखात्यात पोस्टमनांवरचा निरीक्षक. 1830 च्या दशकात लंडनची डिरेक्टरी त्याच्या हातात आली आणि माहिती गोळा करायला त्याने पोस्टमनच कामाला लावले. सरकारी माणसं खासगी धंद्याला वापरतो म्हणून ओरड झाली, तेव्हा पुढे त्याला स्वतःचे एजंट नेमावे लागले. (हा प्रकार आपल्याकडेच होतो असं समजू नका.) नंतर 'केलीज डिरेक्टरी' जिल्ह्याजिल्ह्याच्या निघाल्या. त्यांचा जिल्हा म्हणजे काउंटी.

यात मिळतं काय? प्रत्येक गावाची आधी माहिती. चर्च कुठलं, त्याच्या नोंदवह्या कोणत्या सालापासून आहेत, दुसऱ्या पंथांची प्रार्थनाघरं कोणती, मोठे जमीनदार कोण, जमीन कशी, पिकं कोणती, शाळेत मुलं किती, टपाल किती वाजता येतं. मग प्रतिष्ठित रहिवाशांची नावं आणि त्यांच्याखाली दुकानदार, कारागीर, शेतकरी, खानावळवाले.

वरवर रुक्ष वाटतं, पण शोधणाऱ्याला यातली ओळ न् ओळ उपयोगाची. गावात मेथडिस्टांचं प्रार्थनाघर असेल तर बाप्तिस्म्याची नोंद गावच्या चर्चमध्ये न मिळता तिथल्या वहीत मिळू शकते. गावचा गाडीवान कोणत्या वारी कोणत्या बाजाराला जातो हेही दिलेलं असतं. बायको कुठली हे कळत नसेल तर त्या बाजाराच्या गावात आधी बघावं. आपल्याकडेही सोयरिकी आठवडी बाजाराच्या वाटेवरच जुळायच्या की!

तर आम्ही केलीच्या डर्बीशायरच्या डिरेक्टऱ्या ओळीने उघडल्या. 1891 मध्ये पणजोबांचं नाव, पुढे 'बूट शिवणारा'. 1895 मध्ये तेच. 1899 मध्ये त्यांचं नाव नाही. त्याच आडनावाच्या बाईंचं नाव, आधी 'मिसेस', पुढे 'दुकानदार'. बूट बनवणाऱ्या कारखानदारांच्या यादीत हे आडनाव कुठेच नाही. म्हणजे कारखाना नव्हता, होतं ते एका कारागिराचं दुकान.

मला वाटलं, सोपं झालं. 1895 ला जिवंत, 1899 ला नाहीत, एवढीच चार वर्षं शोधायची. मृत्यूंची सरकारी सूची तिमाहीवार असते. आम्ही सोळाच्या सोळा तिमाह्या पाहिल्या. नाव नाही!

दोन दिवस डोकं खाजवलं. मग चूक लक्षात आली. डिरेक्टरीवर छापलेलं साल हे माहितीचं साल नसतं. एजंट गावोगाव फिरणार, नावं लिहून आणणार, मग जुळणी, छपाई, विक्री. यात महिनेच्या महिने जातात. काही प्रकाशक तर जुन्या आवृत्तीतली नावं तशीच पुढे ढकलायचे, काही दुसऱ्याची यादी बिनदिक्कत उचलायचे. म्हणून आम्ही मागे गेलो. 1894 च्या शेवटच्या तिमाहीत पणजोबा सापडले. दाखला मागवला. वय 38, क्षय. म्हणजे 1895 च्या डिरेक्टरीत जो माणूस बूट शिवत बसलाय, तो ती छापून येण्याआधीच गेलेला होता.

म्हणून सांगतो, एका डिरेक्टरीवर कधीही विसंबू नका. मागची-पुढची आवृत्ती लावून बघा आणि जनगणना, दाखले, चर्चच्या वह्या यांच्याशी ताडून घ्या. रस्त्यांची नावं आणि घरांचे नंबरही बदलत असत, त्यामुळे पत्ता बदलला म्हणजे घर बदललं असं नाही.

आणखी एक. डिरेक्टरीत सगळे नसतात. ती विकायची वस्तू होती, घेणारे व्यापारी आणि बडे लोक. त्यामुळे मजूर, खाणकामगार, मोलकरणी, भाडेकरू यांना बहुतेक जागाच नाही. पणजोबांचा सख्खा भाऊ त्याच गावात राहून कोळशाच्या खाणीत जायचा. जनगणनेत तो आहे, डिरेक्टरीत एकदाही नाही. नवरा असलेली बाई कितीही राबली तरी दुकान नवऱ्याच्या नावाने. आमची पणजी 1895 च्या आधीही त्या दुकानात बसत असणारच. पण छापील कागदावर ती उगवली विधवा झाल्यावर. यादीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असं समजणं ही इतिहासातली सगळ्यात सोपी चूक आहे.

तरीही या डिरेक्टऱ्यांचं मोल मोठं. 1931 च्या इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेचे कागद डिसेंबर 1942 मध्ये आगीत जळाले. युद्ध चालू होतं, पण आग बॉम्बची नव्हती. 1941 मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. 1951 ची शंभर वर्षं होईपर्यंत बंद. म्हणजे 1921 नंतर देशभरची नावनिशीवार मोजणी म्हणावी तर सप्टेंबर 1939 मधली युद्धकाळची नोंदणी तेवढी. मधल्या काळात एखादं कुटुंब कुठे होतं हे बघायला मतदार याद्या आणि डिरेक्टऱ्या हाच मोठा आधार.

लेस्टर विद्यापीठाने इंग्लंड आणि वेल्सच्या जुन्या डिरेक्टऱ्या इंटरनेटवर फुकट ठेवल्यात. मी इथे घरात बसून तिथलं गाव धुंडाळलं ते त्यांच्या कृपेने. कुणाच्या इंग्रज नातेवाइकाचा पूर्वज मध्येच गायब होत असेल तर आपल्या मुंबईकडेही बघायला सांगा. टाइम्स ऑफ इंडियाची अशीच वार्षिक डिरेक्टरी निघत असे, तिकडून आलेल्या बऱ्याच साहेबांचा माग तिच्यात लागतो.

शेवटी सासूबाईंना सगळं सांगायची वेळ आली. मला धाकधूक, कारखाना नव्हता हे ऐकून वाईट वाटेल. भाचीने एकेक पान दाखवलं. 1899, 1904, 1908, 1912. प्रत्येकात पणजीचं नाव आणि पुढे तोच एक शब्द, दुकानदार. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांचे आजोबा वडील गेले तेव्हा दोन वर्षांचे होते. वडिलांचा चेहराही न आठवणाऱ्या पोराने मनात कारखाना उभा केला असेल, किंवा आईनेच त्याला तसं सांगितलं असेल. मग त्या भाचीला म्हणाल्या, "म्हणजे आम्हाला वाढवलं ते तिने. आणि आमच्यापैकी कुणाला तिचं नावसुद्धा माहीत नव्हतं."

भाचीने फोनवर हे सांगितलं आणि मी आमच्या माळ्यावर चढलो. आजोबांच्या वेळची व्यापारी संघाची एक स्मरणिका तिथे होती. पानोपानी दुकानांच्या जाहिराती, मालकांची नावं, पेठ, धंदा. दोन दिवाळ्यांपूर्वी मीच ती रद्दीच्या गठ्ठ्यात टाकली होती, नशिबाने गठ्ठा जायचा राहिला.

तुमच्या घरातही असं काही असेल. जुनी टेलिफोन डिरेक्टरी, बाजारपेठेची स्मरणिका, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचा अंक, ज्ञातिमंडळाची सूची. रद्दीत घालायच्या आधी एकदा उघडून बघा. निदान मोबाइलवर पानांचे फोटो तरी काढून ठेवा. आणि यादी वाचून झाली की घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, यात कोण राहिलं? ती नावं पेनाने मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवा.