सवलतीचे तिकीट कोणाला? नाशिकरोडवरून दिसणारा रेल्वे सवलतींचा इतिहास

१) साध्या तिकिटासाठी रेल्वे दोनच गोष्टी विचारते : अंतर किती आणि वर्ग कोणता. सवलतीच्या तिकिटासाठी ती तिसरा प्रश्न विचारते : प्रवासी कोण? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. नाशिकरोड स्थानकावरून तो बदल स्पष्ट दिसतो.

२) १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईची गाडी इगतपुरीपर्यंत चढून आली. नाशिकहून मुंबईला रोज नोकरीसाठी जाऊन यायचे ही कल्पना मात्र बरीच नंतरची. १९७५ मध्ये सुरू झालेल्या पंचवटी एक्स्प्रेसने ती अनेक कुटुंबांच्या अंगवळणी पाडली. एका बाजूचे अंतर सुमारे १८७ किमी.

३) हे परवडते ते पासमुळे. द्वितीय वर्गाच्या मासिक पासाचे मूल्य साधारण १५ एकेरी फेऱ्यांइतके धरले जाते. महिन्यात २५ दिवस जाऊन येणाऱ्याच्या फेऱ्या होतात ५०. त्रैमासिक पास मासिकाच्या २.७ पट, वार्षिक १०.८ पट. येथे वय, आजार, उत्पन्न काहीच विचारले जात नाही. नियमितपणा हीच पात्रता.

४) या पात्रतेमागे संख्याबळही आहे. जून २०१४ मध्ये भाडेवाढ जाहीर करताना मासिक पास ३० फेऱ्यांच्या हिशेबाने आकारण्याचे ठरले. मुंबई परिसरात संताप उसळला. राज्याची विधानसभा निवडणूक तोंडावर होती. काही दिवसांतच तो हिशेब मागे घेऊन पुन्हा १५ फेऱ्यांचा करण्यात आला.

५) दुसरा निकष प्रवाशाच्या स्थितीचा. दिव्यांग, कर्करोगासारख्या आजारांचे रुग्ण, विद्यार्थी, युद्धात वीरमरण आलेल्यांच्या पत्नी यांना सवलत मिळाली. पण त्याच यादीत अधिस्वीकृतीधारक पत्रकार होते आणि १० टक्के सवलत घेणारे डॉक्टरही. गरज, सन्मान आणि व्यवसाय एकाच यादीत बसले होते.

६) याच यादीत ज्येष्ठ नागरिकही होते. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पाने ज्येष्ठ महिलांची सवलत ३० वरून ५० टक्के केली. २०११-१२ मध्ये पुरुषांची ३० वरून ४० टक्के झाली आणि महिलांची वयोमर्यादा ६० वरून ५८ वर आली. वय सिद्ध करणे सोपे, म्हणून ही सवलत घरोघरी पोहोचली. सधन ज्येष्ठांनाही ती तितकीच मिळाली.

७) तिसरा निकष गरिबीचा. २००९ मध्ये रेल्वेमंत्री ममता बॅनर्जी यांनी ‘इज्जत’ पास आणला. असंघटित क्षेत्रातील, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या माणसाला १०० किमीपर्यंतचा मासिक पास अवघ्या २५ रुपयांत. अट एकच, पण अवघड : उत्पन्नाचा दाखला. ज्याची मजुरी कोणत्याही वहीत नोंदली जात नाही, त्याने ती कागदावर दाखवायची होती.

८) आता अंतरे पाहा. नाशिकरोडहून इगतपुरी सुमारे ५१ किमी, मनमाड ७३, कल्याण १३४. म्हणजे २००९ च्या नियमाने कल्याणही बाहेर. २०१२ मध्ये मर्यादा १५० किमी झाली, तेव्हा कल्याण आत आले. मुंबई तरीही बाहेरच राहिली. नोकरदाराचा साधा पास मुंबईपर्यंत पोहोचत होता, गरिबाचा पास नाही.

९) २० मार्च २०२० रोजी करोनाच्या सावटाखाली बहुतेक सवलती थांबवल्या गेल्या. ज्येष्ठांनी प्रवास टाळावा, हे कारण त्या वेळी पटणारे होते. दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती राहिल्या. गाड्या पूर्ववत झाल्या, ज्येष्ठांची सवलत मात्र परतली नाही. २०२२ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने किमान स्लीपर व थ्री-एसीसाठी तिचा फेरविचार सुचवला.

१०) सरकारचा युक्तिवाद असा की रेल्वे प्रत्येकालाच खर्चापेक्षा कमी भाड्यात नेते. २०१६ पासून तिकिटांवरच छापले जाऊ लागले की प्रवासखर्चाचा सरासरी ५७ टक्के भागच भाड्यातून वसूल होतो. सवलतीचा बोजा रेल्वे स्वतःच्याच उत्पन्नातून सोसते, हा त्यातला कळीचा मुद्दा.

११) त्याच काळात एसटीची दिशा उलटी होती. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे. फरक तिजोरीचा आहे : या सवलतींची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते.

१२) तीन निकषांचा हिशेब असा लागतो. रोज येणाऱ्याचा पास टिकला, कारण तो संघटित होता. वयाची सवलत सर्वांत सहज पसरली आणि तितक्याच सहज थांबवता आली. गरिबीचा पास सर्वांत न्याय्य, पण दाखल्यापाशी आणि किलोमीटरपाशी अडणारा.

१३) सिन्नरच्या शेतावर राबणारी ६५ वर्षांची स्त्री आज एसटीने निम्म्या भाड्यात नाशिकला येते. तेथून लेकीला भेटायला मुंबईची गाडी धरली, तर तिला पूर्ण तिकीट काढावे लागते. आजारी असती तर कदाचित सवलत मिळाली असती. ती केवळ म्हातारी आणि गरीब आहे, आणि सवलतीच्या आजच्या व्याख्येत तेवढे पुरेसे नाही.