मातिका, उद्दान आणि वाचनातील खुणा

कन्हानकाठच्या मौद्यात बसून पालि ग्रंथ वाचणाऱ्या अभ्यासकास आज झोटेरोसारख्या संगणकप्रणालीत अधोरेखित उताऱ्याला ‘टॅग’, म्हणजे खूणशब्द, जोडता येतो. कल्पना मात्र नवी नव्हे. तिपिटकात अनेक वग्गांच्या अखेरीस सुत्तांची सूचक पदे गुंफणारे उद्दान येते. पण त्यात प्रत्येक सुत्ताला जागा एकच. धम्मसंगणीची मातिका याहून पुढे जाते. तीत 22 तिके व 100 अभिधम्म-दुके असून एकच धम्म अनेकांत गणला जातो : लोभ पहिल्या तिकात अकुसल, तर पहिल्या दुकात हेतू. आजच्या टॅगची रीत हीच.

परंतु खूणशब्द विषय सांगतो, स्थळ सांगत नाही. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात मूळ पालि स्थळांचे निर्देश नव्हते. हिंदी अनुवाद करताना भदंत आनंद कौसल्यायनांनी ते तिपिटकातून शोधून काढले. एका ओळीसाठी किती पाने उलटावी लागतात, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक ! माझ्या जुन्या वह्यांत ‘अनत्ता’ या मथळ्याखाली कित्येक उतारे आहेत. त्यांतील काहींचे सुत्त आता सापडत नाही.

म्हणून खूणशब्दासोबत निकाय व सुत्तक्रमांक तेथल्या तेथे नोंदवावा. शब्दाचे रूपही एकच ठेवावे. ‘दुक्ख’ आणि ‘दुःख’ हे संगणकाच्या लेखी दोन निरनिराळे शब्द आहेत.