क्रँकशाफ्टचे मोजमाप : इंजिन दुरुस्तीची खरी कसोटी

नाशिक जिल्ह्यात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारणीची घाई सुरू होते आणि ट्रॅक्टरला उसंत मिळत नाही. अशा हंगामात इंजिन उतरवण्याची वेळ आली, तर बागायतदारापुढे पहिला प्रश्न उभा राहतो : जुना क्रँकशाफ्ट पुन्हा चालेल काय? या प्रश्नाचे उत्तर नुसत्या नजरेने नव्हे, तर मोजमापाने मिळते.

पिस्टनच्या वर-खाली होणाऱ्या गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याचे मुख्य जर्नल इंजिन ब्लॉकच्या बेअरिंगमध्ये, तर क्रँकपिन कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगमध्ये फिरतात. जर्नल आणि बेअरिंग यांच्यात तेलाचा पातळ थर असतो. सुमारे ६० मि.मी. व्यासाच्या जर्नलसाठी ही मोकळीक ढोबळमानाने ०.०६ मि.मी., म्हणजे केसाच्या जाडीइतकी असते. ती वाढल्यास तेलाचा दाब घटतो व इंजिन ठोके देऊ लागते. फारच कमी झाल्यास बेअरिंग जळते.

तपासणीपूर्वी शाफ्ट धुऊन तेलाची छिद्रे साफ करतात. नंतर चुंबकीय कणांच्या साहाय्याने तडे शोधले जातात. जर्नल जेथे बाजूच्या भिंतीला मिळतो, त्या गोलाईत ताण एकवटतो. तडा बहुधा तेथेच पडतो. अशा जागी तडा आढळल्यास शाफ्ट बाद करणेच श्रेयस्कर.

मोजमाप मायक्रोमीटरने होते. प्रत्येक जर्नलच्या दोन्ही टोकांजवळ, परस्परांशी काटकोनातील दोन दिशांनी व्यास घेतात. दोन दिशांतील फरक म्हणजे ओव्हॅलिटी, तर दोन टोकांतील फरक म्हणजे टेपर. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून, हळूहळू फिरवून डायल गेजने त्याचा बाक पाहतात. शाफ्ट गरम असताना घेतलेले माप फसवे ठरते. ६० मि.मी. पोलादाचा व्यास १० अंश तापमानवाढीने सुमारे ०.००७ मि.मी. वाढतो.

झीज मर्यादेबाहेर असल्यास सर्व जर्नल ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. अंडरसाइझचे बेअरिंग बसवतात. ग्राइंडिंग करताना गोलाई मूळ मापाचीच राखावी लागते. ती तीक्ष्ण झाल्यास शाफ्ट तुटण्याचा धोका असतो. नायट्रायडिंग केलेल्या शाफ्टचा कठीण थर अतिशय पातळ असल्याने तो ग्राइंडिंगमध्ये निघून जाऊ शकतो. मर्यादा इंजिनागणिक बदलतात. त्यासाठी उत्पादकाची पुस्तिकाच प्रमाण मानावी.

सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींमुळे नाशिकला शतांश मिलिमीटरचा हिशेब नवा नाही. गॅरेजमध्येही तोच काटेकोरपणा अपेक्षित आहे. ग्राइंडिंगपूर्वीची आणि नंतरची मापे वाहनमालकाने लेखी मागून घ्यावीत. पॉलिशने चकाकणारा शाफ्ट मापातही अचूक असेलच, असे नाही आणि एकदा जास्त घासला गेलेला जर्नल सहजासहजी पूर्ववत होत नाही.