उल्हासेपासून वैतरणेपर्यंत : वसई बेटांतील जुनीं स्थळें



महोत्सवाच्या या स्मरणिकेंत आपल्या देवळाचा वृत्तांत इतरांनीं लिहिलाच आहे. मजकडे भोंवतालच्या स्थळांविषयीं चार शब्द लिहिण्याचें काम आलें. तें मीं आनंदानें पत्करिलें. आपले पुष्कळ तरुण सुटीच्या दिवशीं किल्ल्यांत जातात, छायाचित्रें काढितात व परत येतात. पण ज्या भिंतीस टेकून उभे राहिले ती भिंत कोणाची, असें विचारिलें तर बहुधा उत्तर येत नाहीं.

दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस सिंधुसागर आणि पूर्वेस एके काळीं सोपाऱ्याची खाडी, अशा पाण्याच्या वेढ्यांत हा प्रदेश वसलेला होता. म्हणूनच त्यास वसईचें बेट म्हणत. त्यांतील सर्वांत जुनें स्थळ किल्ला नव्हे, तर सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील स्तूप उकरिला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेंच हातीं लागला. आपणांस मात्र सोपारा आणखी एका कारणानें प्रिय असावें. सन १३२१ च्या एप्रिलांत ठाणें येथें फ्रान्सिस्कन संघाचे तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि त्यांचे सोबती दिमित्री हे चौघे हुतात्मे झाले. दोमिनिकन संघाचे फादर जॉर्डन यांनीं त्यांचे देह सोपाऱ्यास आणून मातींत ठेविले. वास्को द गामा १४९८ मध्यें काळिकतास उतरला, त्याच्या पावणेदोनशें वर्षें आधींची ही गोष्ट आहे! तथापि त्या काळापासून आपल्यापर्यंत अखंड परंपरा चालत आली, असें अभिमानाच्या भरांत कोणीं म्हणूं नये. आपल्या बहुतेकांच्या पूर्वजांचा बाप्तिस्मा पोर्तुगीज अमदानींतलाच होय.

ती अमदानी येथें सुरू झाली २३ डिसेंबर १५३४ रोजीं. गुजरातचा सुलतान बहादुरशहा यानें तहान्वयें वसई व भोंवतालचीं बेटें पोर्तुगिजांस दिलीं. दोन वर्षांनीं गार्सिया द सा यानें कोटाचें काम हातीं घेतलें. पुढें दहा बुरुजांचा तट उभा राहिला व हें शहर त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी बनलें. येशूसंघी, फ्रान्सिस्कन, दोमिनिकन व ऑगस्टिनियन या सर्वांचीं देवळें व मठ तटाच्या आंत होते; आज त्यांच्या कमानी व भिंती उरल्या आहेत. मुख्य देऊळ संत जोसेफाचें. आर्चबिशप आलेशु द मेनेझिश यांच्या काळीं तें पुन्हां बांधिलें गेलें, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर १६०१ हें साल कोरलें आहे. त्या भिंतीसमोर घटकाभर तरी उभें राहावें.

याच वसईंत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मला. पिता पोर्तुगीज, माता येथल्या मातीची. मुलगा येशूसंघी गुरूंजवळ शिकला, पंधराव्या वर्षीं त्यांजबरोबर जपानांत गेला, तेथील भाषा शिकला. पण संघांत त्यास प्रवेश मिळाला नाहीं. तेव्हां त्यानें व्यापार केला, आणि अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत तो साधा बंधु म्हणून दाखल झाला. त्या जपानी भाषेच्याच बळावर तो हिदेयोशीच्या दरबारीं आपल्या वरिष्ठांचा दुभाषी झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर त्यानें प्राण दिला. ८ जून १८६२ रोजीं नववे पायस पोप यांनीं त्यास संतपद दिलें.

आतां १७३९ सालाविषयीं. त्याचा विषय निघाला कीं आपलीं माणसें एक तर गप्प बसतात, नाहीं तर उगाच रडगाणें गातात. चिमाजी आप्पांच्या फौजेनें आधीं १७३७ मध्यें वैतरणेच्या मुखावरील अर्नाळ्याचें बेट घेतलें. (तो जलदुर्ग पाहण्यास होडीनें जावें लागतें, दरवाजावरील हत्ती व वाघ पाहिल्यावांचून परतूं नये.) मग वसईस वेढा पडला. सुरुंगांनीं बुरूज उडाले, दोन्ही बाजूंचीं माणसें पडलीं, आणि १६ मे १७३९ रोजीं किल्ला खालीं झाला. पोर्तुगीज शिबंदीस सन्मानानें निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली, आणि मागें राहणारांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक. गलबतांत बसून गेले ते मुख्यतः फिरंगी सरदार व शिपाई. राहिले ते शेतांत, वाडींत, मचव्यांत राबणारे आपले पूर्वज. यांची सेवा पुढें गोव्याच्या देशी धर्मगुरूंनीं केली. हा पराभव आपला नव्हे, पोर्तुगालच्या राजाचा होता, असें माझें स्पष्ट मत आहे.

आपल्या देवळांच्या घंटा मात्र विजयी फौजेनें नेल्या, आणि याचें दुःख अजून पुष्कळांच्या मनांत आहे. मींही एकदां तें मनांत घेऊनच बोरीवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत गेलों होतों. शिवाच्या त्या प्राचीन लेण्याचें फादर आंतोनियु दु पोर्तु यांनीं सोळाव्या शतकांत देऊळ केलें व वर मठ उभारिला. कोरलेल्या मूर्ति भिंतीआड गेल्या. आज तेथें पुन्हां शिवाची पूजा होते, माथ्यावर मठाचे भग्नावशेष उभे आहेत. तेथून निघतांना घंटांविषयींचा माझा राग पुष्कळ निवळला.

त्यांपैकीं एक घंटा वाईजवळ मेणवलीस आहे. तिजवर १७०७ हें साल असून पवित्र मारियामाता व बाळ येशू यांची आकृति आहे. दुसरी नाशिकास, गोदावरीच्या कांठीं नारोशंकराच्या देवळाच्या प्रवेशद्वारावर टांगलेली. तिजवरचें साल १७२१. 'नारोशंकराची घंटा' म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडीं आहे. नदीस मोठा पूर आला कीं नाशिकचे लोक पाणी त्या घंटेपर्यंत पोंचलें कीं नाहीं, हें बघावयास घाटावर जमतात.