डब्यात डोके

आमच्या जामसंड्याहून कुणकेश्वर काही फार लांब नाही. लहानपणी तिथल्या महाशिवरात्रीच्या जत्रेत एक चित्रांची पेटी येत असे. भिंगाला डोळा लावायचा, पेटीवाला दांडा फिरवायचा आणि आत ताजमहाल, कुतुबमिनार अशी सारी दुनिया सरकायची. आत काय पाहिले ते आता धड आठवत नाही. आठवतात ते मागून पाठीत बसणारे गुद्दे आणि "सर रे बाजूक, माका बघूक दी!" हा गजर.

या पेटीची आठवण होण्याचे कारण मोठे मौजेचे आहे. १९९५ साली जपानातल्या निन्टेंडो कंपनीने जवळजवळ अशीच एक पेटी काढली आणि स्वतःची जगभर फजिती करून घेतली.

ही कंपनी मूळची क्योतोची, १८८९ सालची, पत्ते बनवणारी. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पडवीत जो उद्योग अखंड चालतो, त्यावरच तिचा संसार उभा राहिला, हे ऐकून आमचे बंधुराज फार सुखावले! १९६५ साली तिथे गुनपेई योकोई नावाचे गृहस्थ पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल करायला लागले. काम थोडे, वेळ फार. रिकामपणी त्यांनी लांबची वस्तू उचलणारा, कात्रीसारखा उघडमीट करणारा एक हात बनवला. तो नेमका अध्यक्ष यामाउची यांच्या नजरेस पडला. मी असतो तर जप्त करून कपाटात टाकला असता. यामाउचींनी तो १९६६ साली बाजारात आणला आणि दहा लाखांच्या वर खपवला.

योकोईंचे तत्त्व असे, की जुने, स्वस्त, पारखलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नवाच उपयोग करावा. फणसाचे गरे संपल्यावर आठळ्यांची भाजी करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावे लागणार नाही. याच तत्त्वावर १९८९ साली त्यांचा 'गेम बॉय' आला. पडद्याला रंग नाही, पण खिशात मावणारा. एका तारेने दोन यंत्रे जोडली की दोन मित्र समोरासमोर खेळत. तो आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून ११ कोटींच्या वर खपले.

त्याच हातांनी पुढे 'व्हर्च्युअल बॉय' घडवला. वस्तू पुढेमागे खऱ्यासारख्या दिसाव्यात, ही कल्पना झकास होती. पण बारीक लाल दिवे स्वस्त, म्हणून चित्र सगळे लाल आणि भोवती काळोख! नावावरून वाटे डोक्यावर घालायचे. प्रत्यक्षात डबा दोन पायांवर मेजावर उभा. खेळणाऱ्याने मान वाकवून त्यात तोंड खुपसायचे. सात वर्षांखालच्या मुलांना मनाई, आणि मध्येच विश्रांती घेण्याची सोय यंत्रातच केलेली. जे खेळणे स्वतःच "आता पुरे" म्हणते, ते पोरांनी का घ्यावे?

अमेरिकेत त्याच्याबरोबर टेनिसचा खेळ मिळे. तोही एकट्याने खेळायचा! दुसरे यंत्र जोडायला जागा होती. पण जोडणारी तार कधी विक्रीलाच आली नाही. जुलैत जपानात आलेला डबा डिसेंबरात तिथे बंद पडला, अमेरिकेत पुढल्या वर्षी. एकूण खेळ निघाले २२, डबे गेले सुमारे पावणेआठ लाख.

मला वाटते, डबा बुडाला तो केवळ लाल रंगाने नव्हे. जत्रेतल्या पेटीतही डोके एकाचेच जाई, पण बाहेर गुद्दे मारणारे, "काय दिसता रे?" म्हणून विचारणारे दहाजण असत, आणि पेटीवाला सर्वांना ऐकू जाईल असे वर्णन करी. इथे बाहेरच्यांना दिसायची ती फक्त वाकलेली पाठ. खेळाला खेळणारा लागतो, तसा बघ्याही लागतो.

योकोईंनी १९९६ साली कंपनी सोडली. त्यांनी पुन्हा एका छोट्या खिशातल्या यंत्रात लक्ष घातले. पण ४ ऑक्टोबर १९९७ रोजी ते रस्त्यावरच्या अपघातात गेले. ते यंत्र, 'वंडरस्वान', १९९९ साली आले. त्याच्याबरोबर आलेल्या एका खेळाला त्यांचेच नाव दिले होते.

परवा सुट्टी लागण्यापूर्वी मी वर्गातले कपाट उघडले. जप्त केलेल्या वस्तूंत एक खटारा निघाला: सुतळी, बाटलीची झाकणे आणि आइस्क्रीमच्या काड्या यांचा. चालत नव्हता. त्याच्या मालकाला बोलावून तो परत दिला आणि म्हटले, "दिवाळीनंतर चालवून दाखव. पण सगळ्यांसमोर हां!"